लिनक्स संगणकावरील ब्लूटूथ हेडफोन

लिनक्स ह्या मुक्त परिचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकातून अल्प पल्ल्याच्या रेडिओ तरंगांद्वारे हेडफोनमध्ये ध्वनी पोहोचविण्याची व्यवस्था. ही व्यवस्था तीन स्वतंत्र घटकांवर उभी आहे : ब्लूटूथ हे बिनतारी संदेशवहनाचे मानक, लिनक्सचा गाभा (कर्नेल) आणि ध्वनीचे वाटप करणारी सेवा. हे तिन्ही घटक वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या हेतूंनी निर्माण केले. हेडफोन जोडला न जाणे, जोडला जाऊनही आवाज न येणे किंवा ध्वनिग्राहक (मायक्रोफोन) सुरू होताच आवाज एकदम निकृष्ट होणे, ह्या नेहमीच्या तक्रारींची मुळे बव्हंशी ह्या इतिहासातच सापडतात.

ब्लूटूथचा उगम : स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ साली भ्रमणध्वनी आणि त्याची उपसाधने यांना जोडणारी तार काढून टाकण्याच्या उद्देशाने संशोधन सुरू झाले. याप हार्टसेन व स्व्हेन मॅटिसन हे त्यातील प्रमुख अभियंते होत. इंटेल कंपनीचे जिम कार्डाक यांनी १९९७ मध्ये ह्या तंत्रास दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड ब्लूटूथ याचे नाव सुचविले. एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया व तोशिबा ह्या पाच कंपन्यांनी १९९८ मध्ये संघ स्थापन केला व १९९९ मध्ये पहिले मानक प्रसिद्ध झाले.

ब्लूटूथ २,४०० ते २,४८३·५ मेगॅहर्ट्‌झ ह्या कंप्रता-पट्ट्यात काम करते. मूळ पद्धतीत ह्या पट्ट्याचे ७९ मार्ग पाडलेले असून प्रेषक व ग्राही दोघेही सेकंदास १,६०० वेळा ठरावीक क्रमाने मार्ग बदलतात. त्यामुळे एखाद्या मार्गावर व्यत्यय आला, तरी संदेश तुटत नाही. वाय-फाय जाळी व सूक्ष्मतरंग भट्ट्या हाच पट्टा वापरतात. भारतात ह्या पट्ट्यातील अल्पशक्ती उपकरणांना २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट देण्यात आली.

ध्वनिवहनाची दोन रूपे : ब्लूटूथ मुळात दूरध्वनीसाठी कल्पिलेले असल्याने त्याची पहिली ध्वनिव्यवस्था संभाषणाची होती. तीत दोन्ही दिशांनी सेकंदास ६४ किलोबिट ह्या गतीने आवाज जातो आणि त्याचे सेकंदास केवळ ८,००० नमुने घेतले जातात. बोलणे समजण्यास हे पुरते, संगीतास पुरत नाही. म्हणून २००३ मध्ये एटूडीपी हे निराळे कार्यरूप (प्रोफाइल) तयार झाले. त्यात ध्वनी एसबीसी ह्या अनिवार्य संकेतन पद्धतीने आकुंचित करून उच्च प्रतीने पाठविला जातो, मात्र तो एकाच दिशेने जातो. परिणामी हेडफोनचा ध्वनिग्राहक वापरायचा झाल्यास संगणकाला संगीताचे कार्यरूप सोडून दूरध्वनीचे कार्यरूप घ्यावे लागते व आवाज तात्काळ खालावतो. ही उपकरणातील बिघाडाची खूण नव्हे. ती मानकाचीच मर्यादा आहे. २०११ मधील सुधारणेने संभाषणासाठी सेकंदास १६,००० नमुन्यांची सोय झाल्यावर ती काहीशी सौम्य झाली.

लिनक्समधील वाटचाल : लिनस टॉर्व्हाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे लिनक्सचा गाभा लिहिण्यास आरंभ केला. त्यावरील ध्वनियंत्रणेसाठी १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला यांनी आल्सा प्रकल्प सुरू केला. ब्लूटूथसाठी क्वालकॉम कंपनीत मॅक्स क्रास्न्यान्स्की यांनी लिहिलेली ब्लूझेड ही आज्ञाप्रणाली मे २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी २·४·६ ह्या आवृत्तीपासून गाभ्यात समाविष्ट करण्यात आली. अनेक आज्ञावल्यांचे आवाज एकत्र करून योग्य साधनाकडे वळविण्याचे काम लेनार्ट पोएटरिंग यांच्या पल्सऑडिओ ह्या सेवेकडे आले. २००७ मध्ये फेडोरा ८ ह्या वितरणाने तिचा मूळ व्यवस्था म्हणून स्वीकार केला.

डिसेंबर २०१२ मध्ये ब्लूझेडची पाचवी आवृत्ती निघाली, तेव्हा ह्या व्यवस्थेत मोठा खंड पडला. तिच्यातून दूरध्वनी-कार्यरूपाचा भाग वगळून ती जबाबदारी अन्य आज्ञावल्यांवर सोपविण्यात आली. त्या मात्र सज्ज नव्हत्या. २०१४ च्या पल्सऑडिओ ५ मध्ये नव्या ब्लूझेडबरोबर केवळ संगीताचे कार्यरूप चाले. साध्या संभाषणाची सोय २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत झाली. त्यामुळे संगणक अद्ययावत केल्यावर पूर्वी चालणारा ध्वनिग्राहक बंद पडल्याचा अनुभव अनेकांना आला. मुक्त प्रकल्पांत निरनिराळे गट स्वतंत्रपणे निर्णय घेतात. त्यातून मिळणाऱ्या स्वातंत्र्याची ही किंमत वापरणाऱ्याने मोजली.

पुढे २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ च्या खुल्या संहितेत सोनी कंपनीची एलडॅक संकेतनप्रणाली समाविष्ट झाली व लिनक्सवर ती वापरणे सुकर झाले. विम टेमन्स यांनी विकसित केलेल्या पाइपवायर ह्या नव्या ध्वनिसेवेचा एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने व ऑक्टोबर २०२२ मध्ये उबुंटू २२·१० ने स्वीकार केला. तिने अनेक संकेतन पद्धती व दोन्ही कार्यरूपे एकाच ठिकाणी आणल्यामुळे पूर्वीच्या बऱ्याच अडचणी दूर झाल्या. ब्लूटूथ चकतीत भरावी लागणारी फर्मवेअर ही बंदिस्त आज्ञावली हा वादाचा आणखी एक विषय होता. तत्त्वनिष्ठेपायी डेबियन वितरण ती आपल्या अधिकृत प्रतिष्ठापन-माध्यमांत देत नसे. सदस्यांच्या मतदानानंतर २०२३ च्या डेबियन १२ पासून ती देण्यात येऊ लागली.

महाराष्ट्रातील संदर्भ : सी-डॅकच्या सहभागाने तयार झालेली, डेबियनवर आधारित बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ मध्ये उपलब्ध झाली, तीत मराठीचा समावेश आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स व इतर मुक्त आज्ञाप्रणाली शिकविणारे सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले. पाठ ऐकत ऐकत त्याच पडद्यावर शेजारी कृती करावयाची, अशी ही पद्धती असल्याने प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र हेडफोन लागतो. ज्या विद्यार्थ्याचे इंग्रजी वाचन कच्चे आहे, त्याचे सारे शिक्षण अशा वेळी कानावर अवलंबून असते.

नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ह्या प्रश्नास विशेष अर्थ आहे. आजच्या नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली ह्या जिल्ह्यांच्या प्रदेशासाठी १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व उच्च शिक्षण ह्या भागाच्या अधिक जवळ आले. जुन्या संगणकास पुन्हा उपयोगी करणारी, परवाना-शुल्क नसलेली प्रणाली अशा भागास सोयीची असते. पण तिच्यातील दोष ओळखणारा जाणकार जवळ असेलच असे नाही. अंध व्यक्तीच्या बाबतीत तर ध्वनी हाच पडदा होय. लिनक्सवरील ऑर्का ही पडदावाचक आज्ञावली ईस्पीक ह्या वाक्‌संश्लेषकाच्या साहाय्याने मराठी मजकूर वाचून दाखविते. बिनतारी हेडफोन शांततेत निद्रावस्थेत गेल्यास प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द कापला जातो आणि ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही.

दोषशोधनाचा क्रम : वरील रचनेस अनुसरून तपासणी खालच्या थरापासून वर करावी. प्रथम रेडिओ-यंत्रणा बटणाने वा विमान-स्थितीने बंद केलेली नाही ना, हे आरएफकिल ह्या आज्ञेने पाहतात. गाभ्याच्या नोंदींत फर्मवेअर न सापडल्याचा उल्लेख असल्यास ती बसवितात. त्यानंतर ब्लूटूथ सेवा चालू असल्याची खात्री करतात. हेडफोन आधीच जवळच्या भ्रमणध्वनीशी जोडला गेला असल्यास तो अनेकदा संगणकास प्रतिसाद देत नाही. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही असल्यास प्रत्येक प्रणाली जोडणीची वेगळी गुप्त किल्ली ठेवते. हेडफोन मात्र संगणकाचा पत्ता एकच समजून शेवटची किल्ली तेवढी लक्षात ठेवतो. अशा वेळी जुनी जोडणी पुसून नवी करावी लागते. जोडणी होऊनही आवाज नसल्यास ध्वनिसेवेत निर्गमाचे साधन व कार्यरूप तपासतात; संगीताचा आवाज निकृष्ट असल्यास दूरध्वनी-कार्यरूप बदलून एटूडीपी निवडतात आणि बोलण्यासाठी संगणकाचा स्वतःचा ध्वनिग्राहक वापरतात. आवाज तुटत असल्यास व्यत्ययाचा संशय घ्यावा. यूएसबी ३·० ची साधने ह्याच पट्ट्यात रव उत्पन्न करतात. म्हणून ब्लूटूथ खुंटी लहान तारेने दूर नेल्यास पुष्कळदा गुण येतो.

नवी दिशा : जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ ह्या मानकात एलसी३ ही नवी संकेतन पद्धती असून तीत चांगला ध्वनी व ध्वनिग्राहक एकाच वेळी वापरता येतात. मात्र त्यासाठी संगणक व हेडफोन दोन्ही नव्या मानकाचे असावे लागतात. जुन्या संगणकांवर ज्यांची भिस्त आहे, त्यांना दोन कार्यरूपांतील निवड करावीच लागते. शिकण्याचे वा वाचण्याचे काम खोळंबू नये, म्हणून साधा तारेचा हेडफोन हाताशी ठेवणे त्यांना हिताचे ठरते.