दिवसा सोने, रात्री खाणे : इंदूरचा सराफा

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असे उत्तरेत पूर्वापार म्हटले जाते. माळव्याचे पठार दिवसा कितीही तापले तरी रात्री निवते, आणि घरात कोंडलेली माणसे मोकळ्या हवेसाठी बाहेर पडतात. ही रात्र पाहायची असेल तर इंदूरचा सराफा गाठावा. दिवसा ज्या पेढ्यांवर सोन्याचांदीची उलाढाल होते, त्याच पेढ्यांच्या बंद दारांपुढे रात्री नऊनंतर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत उतरत नाहीत. एकच जागा दोन धंद्यांनी वेळेनुसार वाटून घेण्याची ही रीत हेच या बाजाराचे खरे वैशिष्ट्य आहे. मात्र आज हीच रीत कसोटीला लागली आहे.

राजवाड्याच्या सावलीत

सराफा आहे तो इंदूरच्या राजवाड्यामागे, चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७ च्या सुमारास या सात मजली वाड्याची उभारणी सुरू झाली. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, अशी त्याची रचना. पुढे अहिल्याबाईंनी महेश्वर ही राजधानी केली. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर दरबार इंदूरला आला आणि राजवाड्याभोवतीच्या पेठांना बरकत आली. भांड्यांचा बर्तन बाजार, पुस्तकांचा खजुरी बाजार, साड्या व कापडाचा सीतलामाता बाजार, घाऊक कापडाचे महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आणि सोन्याचांदीचे बडा सराफा व छोटा सराफा, अशी ही पेठांची साखळी आहे. एका पेठेतून दुसरीत कधी शिरलो, हे नवख्याला कळतही नाही.

मराठी माणसाला येथे फारसे परके वाटत नाही. होळकरांबरोबर माळव्यात आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात नांदत आहेत. रंगपंचमीला निघणारी ‘गेर’ ही रंगाची मिरवणूक याच राजवाड्यासमोरून जाते. खाण्याच्या पदार्थांतही ही देवाणघेवाण दिसते. तिचा उल्लेख पुढे येईलच.

पेढी मिटते, कढई चढते

रात्री आठच्या सुमारास सराफांची दारे मिटू लागतात. त्यानंतरचा तासभर पाहण्यासारखा असतो. हातगाड्या आत येतात, फळ्या मांडल्या जातात, शेगड्या पेटतात आणि दिव्यांच्या माळा लागतात. दहाच्या सुमारास गल्लीला रंग चढतो. अकरा ते साडेबारा ही ऐन गर्दीची वेळ. घरी जेवण उरकून आलेली कुटुंबे, अभ्यास टाकून आलेले विद्यार्थी, शेवटची गाडी चुकलेले प्रवासी असा सगळा मेळा येथे भरतो. इतक्या उशिरा लहान मुलांना खांद्यावर घेऊन निर्धास्त हिंडणारे आईबाप पाहिले, की पाहुण्याला नवल वाटते.

ही प्रथा कशी पडली, याविषयी इंदुरात एक गोष्ट सांगितली जाते. रात्री ओस पडणाऱ्या गल्लीत चोराचिलटाचे भय. गल्ली जागती राहिली तर पेढ्यांना आपोआप राखण मिळेल, या विचाराने सराफांनीच खाद्यविक्रेत्यांना आपल्या दारात बसू दिले. सराफाला पहारा मिळाला आणि हलवायाला जागा. हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा होता, म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या चालला.

रात्रीच्या बाजारानंतर आणखी एक पाळी असते, ती सफाई कामगारांची. खाद्यबाजार उठला की झाडलोट सुरू होते आणि सकाळी सराफ पेढी उघडतो तेव्हा गल्ली स्वच्छ असते. केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने २०१७ पासून सलग पहिला क्रमांक राखला, त्यामागे रात्रीच्या या कष्टांचा मोठा वाटा आहे.

काय खावे?

हा बाजार परंपरेने शाकाहारी. येथे जेवायला बसायचे नसते. थोडे थोडे चाखत पुढे सरकायचे असते.

भुट्टे का कीस : कोवळी मक्याची कणसे किसून, फोडणी देऊन, दुधात मंद आचेवर शिजवलेला हा पदार्थ माळव्याची खास ओळख. वरून कोथिंबीर, खोबरे आणि लिंबू. इंदूरच्या मराठी घरांतही तो आवडीने होतो.

गराडू : हा हिवाळ्यातला कंद. फोडी तळून, लिंबू पिळून, जीरावण भुरभुरून गरमागरम देतात. जीरावण हा इंदूरचा आंबट-तिखट कोरडा मसाला. पोह्यांपासून गराडूपर्यंत सर्वत्र त्याचा संचार असतो. केवळ गराडूसाठी डिसेंबर-जानेवारीत येणारे खवय्ये आहेत.

साबुदाण्याची खिचडी : आपल्याकडे साबुदाणा तुपाच्या फोडणीत परततात. येथे तो वाफेवर मोकळा व गरम ठेवतात आणि गिऱ्हाईक आल्यावर त्यात मसाला, मिरची, लिंबू, उपवासाचा चिवडा घालून कालवून देतात. नाव तेच, पण चव निराळी.

दहीवडा : जोशी यांच्या दुकानातला दहीवडा चवीइतकाच देण्याच्या रीतीमुळे गाजला. दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून, थेंबही न सांडता झेलायचा आणि एकाच चिमटीत धरलेले निरनिराळे मसाले एकेक करून सोडायचे, हे कसब पाहायला बघ्यांची दाटी होते.

खोपरा पॅटिस : बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचे सारण भरून तळलेले हे पॅटिस चटणीबरोबर खातात.

गोड पदार्थ : मालपुवा, रबडी, मावाबाटी यांची रेलचेल असतेच. त्यांतही ‘जलेबा’ लक्षात राहतो. ही जिलबीची थोरली बहीण; एकच वेटोळे दोघातिघांना पुरते. शिकंजी म्हटल्यावर लिंबाचे सरबत डोळ्यांसमोर आणू नये. इंदुरी शिकंजी म्हणजे आटवलेल्या दुधाचे, केशर-सुकामेव्याचे, किंचित आंबूस असे दाट पेय. ती शेवटी घ्यावी. आधी घेतली तर पुढच्या पदार्थांना पोटात जागा उरत नाही.

जुना करार, नवा ताण

गेल्या काही वर्षांत सराफ्याचा लौकिक दूरवर पोहोचला, तशी गर्दी वाढली आणि दुकानेही वाढली. माळव्याच्या पदार्थांशेजारी नूडल्स, मोमो आणि पिझ्झ्याच्या गाड्या आल्या. गल्ली मात्र होती तेवढीच अरुंद राहिली. शेजारी जुनी बांधकामे, मधोमध माणसांची दाटी आणि जागोजागी गॅसचे सिलिंडर, अशा ठिकाणी आग लागली तर बंब आत शिरणार कसा, हा प्रश्न काल्पनिक नाही. हाकेच्या अंतरावरचा राजवाडाच त्याची साक्ष देतो. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा तो जळाला. १९८४ च्या दंगलीतल्या आगीतही त्याचा मोठा भाग गेला आणि २००६-०७ मध्ये तो पुन्हा उभारावा लागला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य प्रदेशातीलच हरदा येथे फटाका कारखान्यात भीषण स्फोट झाला आणि सराफ्याच्या सुरक्षिततेची चर्चा ऐरणीवर आली. २०२५ मध्ये सराफ व्यापाऱ्यांनी ही खाद्यचौपाटी अन्यत्र हलवावी, अशी मागणी लावून धरली. सोन्याचा ग्राहक संध्याकाळी उशिरा येतो, नेमक्या त्याच वेळी पेढीसमोर गाड्या उभ्या राहतात, असे त्यांचे म्हणणे. परंपरागत पदार्थांच्या मोजक्या दुकानांनाच येथे राहू द्यावे, असा मधला मार्गही पुढे आला. दुसरीकडे, ज्यांचे आजोबा-पणजोबा याच ओट्यांपुढे बसले, त्या विक्रेत्यांसाठी ही गल्ली सोडणे म्हणजे गिऱ्हाईक आणि नाव दोन्ही गमावणे आहे. पेढ्यांना आज कॅमेरे आणि भक्कम तिजोऱ्यांचे संरक्षण आहे, त्यामुळे हलवायाच्या पहाऱ्याची सराफाला पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. दोघांची गरज सारखी होती तोवर करार आपसूक पाळला गेला; आता तो कोणाला तरी बसून नव्याने लिहावा लागणार आहे.

खाद्यगल्ली दुसरीकडे वसवता येत नाही, असे नाही. इंदूरच्याच नव्या पलासिया भागातील ‘छप्पन दुकान’ हा परिसर २०२० मध्ये नव्याने सजवण्यात आला आणि तो उत्तम चालतो. तथापि तेथे दिवसाही तेच दिसते जे रात्री दिसते. सराफ्याची गोडी आहे ती पेढी मिटून कढई चढण्यात, आणि ती उचलून दुसरीकडे नेता येण्यासारखी नाही.

जाण्यापूर्वी

मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस रात्रीच्या प्रवासाने इंदूरला पोहोचवते. पुण्याहूनही थेट रेल्वेगाडी आहे. रेल्वे स्थानकापासून राजवाडा सुमारे दोन किलोमीटर. स्वतःचे वाहन असल्यास ते दूरच ठेवावे आणि पेठांत पायीच हिंडावे. दुपारनंतर राजवाडा, कान्ह नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि काचमंदिर पाहून घ्यावे, संध्याकाळी खरेदी उरकावी आणि रात्रीचे जेवण टाळून साडेनवाच्या सुमारास सराफ्यात शिरावे. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला गर्दी फार असते. वृद्ध किंवा लहान मुले बरोबर असतील तर मधला एखादा वार निवडावा आणि अकराच्या आत फेरी पूर्ण करावी. सुटे पैसे जवळ असावेत. द्रोण-पत्रावळी कचऱ्याच्या डब्यातच टाकाव्यात. या शहराला त्याचा अभिमान आहे. निवड करताना नूडल्सच्या गाडीपेक्षा किसाच्या कढईपुढे उभे राहिलेले बरे. जुने पदार्थ या गल्लीत टिकायचे तर त्यांना गिऱ्हाईक हवे, आणि तेवढे पाहुण्याच्याही हाती आहे.