पावसाळ्यात आउटडोअर फोटोशूट: निघण्याआधी सुरक्षेची कोणती तयारी हवी?

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीतले धबधबे, घाट आणि किल्ले प्री-वेडिंग शूट आणि रील्ससाठी गजबजतात. अशा ठिकाणी अपघातही होतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पुढच्याच महिन्यात रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ व्हिडिओ करताना एका तरुणीचा दरीत पडून मृत्यू झाला.

धोका कळत का नाही?

धबधब्याचे पाणी वरच्या डोंगरातून येते. खाली ऊन असले तरी वर जोराचा पाऊस झाला की काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ होणे, काटक्या-पाचोळा वाहून येणे आणि आवाज वाढणे या त्याच्या खुणा आहेत. त्या दिसताच सामान सोडून बाहेर पडावे. कॅमेऱ्यात पाहणाऱ्याला मात्र आजूबाजूचे काही दिसत नाही.

निघण्याआधी काय तपासावे?

• हवामान: भारतीय हवामान विभागाचा इशारा आदल्या दिवशी आणि निघताना पाहावा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर शूट पुढे ढकलावे. विजांच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' अ‍ॅप आहे.

• परवानगी: पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोकादायक पर्यटनस्थळी बंदी घालतात. संरक्षित किल्ले, वनक्षेत्र आणि ड्रोनसाठीचे नियम वेगळे असतात, तेही आधी विचारून घ्यावेत.

• जागा: शक्य असल्यास आधी एकदा जाऊन यावे. पाणी कुठवर चढते, हे गावकऱ्यांना विचारावे.

• कपडे: लांब गाऊन किंवा साडी भिजली की जड होते आणि पायात अडकते. असे कपडे पाण्यापासून दूर, सपाट जागीच वापरावेत. शेवाळलेल्या खडकावर चांगली पकड असलेले बूट हवेत.

• संपर्क: डोंगरात अनेकदा रेंज नसते. ठिकाण आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी. आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

शूट सुरू असताना

एका व्यक्तीने कॅमेरा किंवा मोबाइल हातात न घेता फक्त पाणी, कडा आणि आकाश यांवर नजर ठेवावी. तिने 'थांबा' म्हटले की सगळ्यांनी थांबायचे, हे आधीच ठरलेले असावे. फ्रेम जुळवताना मागे सरकू नये. आधी वळून पाहावे, मग पाऊल टाकावे.

शूट रद्द करावे लागले तर?

आगाऊ रक्कम, मेकअप आणि गाडीभाडे वाया जाईल या विचाराने अनेकजण इशारा असूनही निघतात. म्हणून बुकिंग करतानाच पर्यायी तारीख आणि आगाऊ रकमेचे काय होणार, हे लेखी ठरवावे. पैशाची चिंता नसेल तर धोका दिसताच माघारी फिरणे सोपे जाते.