खाजणातून शेत : जासईच्या खारीची कूळकथा

पनवेलहून उरणकडे जाताना लागणाऱ्या जासई या गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते १९८४ च्या जानेवारीत. त्या महिन्याच्या १६ व १७ तारखेला, जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या या परिसरातील शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि ५ जण हुतात्मे झाले. लढ्याचे नेते दि. बा. पाटील (१९२६-२०१३) हे जासईचेच सुपुत्र. हा इतिहास आपणांपैकी अनेकांना परिचित आहे. परंतु ज्या जमिनीसाठी रक्त सांडले ती जमीन मुळात आली कोठून, हे क्वचितच विचारले जाते. त्याच प्रश्नाचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

या खाडीपट्ट्यातील बरीचशी भातशेती निसर्गाने आयती दिलेली नाही. भरतीच्या पाण्याखाली जाणारी, तिवरांनी व्यापलेली चिखलवट भूमी म्हणजे खाजण. त्या खाजणाला बांध घालून समुद्र बाहेर रोखला की तिची खार होते. गावोगावच्या शेतांच्या नावांत हा शब्द अजून जिवंत आहे. इतकेच नव्हे, तर बेलापूर-उरण लोहमार्गावरील खारकोपर आणि शेमटीखार या स्थानकांनीही तो जपला आहे. गाडीतून उतरणारा प्रवासी नकळत जुन्या शेतीचेच नाव उच्चारतो.

असे शेत तयार करणे हे एका हंगामाचे काम नव्हते. पावसाळा संपल्यावर खाडीतील चिकणमातीची ढेकळे रचून बांध उभारावयाचा. अखेरची खांड बुजवावयाची ती भांगाच्या दिवसांत, कारण उधाणाच्या पाण्यापुढे ओली माती टिकत नाही. बांधात एक उघाडी ठेवावयाची. ओहोटी लागली की तिची झडप आतल्या पाण्याच्या दाबाने उघडे आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटे. मग खरी परीक्षा सुरू होई ती धीराची. मातीतील मीठ कुदळीने निघत नाही. ते काढतो पाऊस. पावसाचे पाणी शेतात कोंडावयाचे, मीठ विरघळू द्यावयाचे आणि ओहोटीला उघाडीवाटे सोडून द्यावयाचे. असे अनेक पावसाळे केल्यानंतर भूमी भाताला आसरा देई. पहिला मान खार सोसणाऱ्या तांबड्या भाताचा. खाऱ्या शेतात नांगरट न करता, मोड आणलेले बी चिखलात फेकून रहू टाकण्याची रीत होती.

एवढे कष्ट घेणाऱ्याला राज्यकर्त्यांनीही सवलत दिली. मराठेशाहीत पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल मिळे. सारा आरंभी नाममात्र असून वर्षागणिक चढत जाई. त्याला इस्तावा म्हणत. इंग्रजी अमलात खाजणे पट्ट्याने देण्याचे नियम झाले. पहिली १० वर्षे सारा माफ. परंतु तेवढ्या मुदतीत निम्मी जमीन आणि २० वर्षांत सर्व जमीन लागवडीयोग्य करावयाची, न केल्यास पट्टा रद्द होण्याजोगा. वाचकांनी या अटीकडे लक्ष द्यावे. ज्या जमिनीवर १० वर्षांत एक छदामही येणार नाही असे सरकारच गृहीत धरीत होते, ती जमीन हाती घेण्यास किती विश्वास लागत असेल!

पेण-पनवेलकडे याच कष्टांतून शिलोत्री ही व्यवस्था रूढ झाली. बाहेरचा बांध राखणारा तो शिलोत्रीदार. त्याबद्दल त्याला कुळांकडून बिघ्यामागे एक मण भात मिळे. काही खारींत कुळे स्वतःच मिळून बांध राखीत. पद्धत कोणतीही असो, तत्त्व एकच : बांधाला धनी हवा. कारण खार कधीच कायमची तयार होत नाही. खेकड्याने पोखरलेले लहानसे भोक उधाणात खांड होते, एका रात्रीत खारे पाणी शेतात शिरते आणि आजोबांनी गोड केलेली माती नातवाच्या डोळ्यांदेखत पुन्हा खारावते. मग बांध, उघाडी, पाऊस आणि प्रतीक्षा हा सारा क्रम नव्याने. अशी टाकलेली खार पुन्हा हाती घेणारा शेतकरी हा, आमच्या मते, पहिल्या बांधकऱ्याहूनही धाडसी म्हटला पाहिजे. समुद्र काय करू शकतो हे त्याने पाहिलेले असते.

आमच्या गोवेकर वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. तेथील खाजन शेती, बांध आणि मानस ही याच कुळीची. १५२६ साली आफोंसो मेशिया यांनी गावकाऱ्यांचे हक्क नोंदविणारा जो फोराल तयार केला, त्यातही या हक्कांचे मूळ पूर्वजांनी पडीत भूमी लागवडीस आणली यातच सांगितले आहे. भूमीवरील हक्क कष्टांतून जन्मतो, हा विचार परक्या राजवटीलाही नाकारता आला नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४८ चा खार जमीन कायदा आणि नंतर १९७९ चा खार जमीन विकास कायदा यांनी बांधांच्या कामात शासनाला आणले. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळाला मालकीची वाट मोकळी केली. हा न्यायच होता. पण शिलोत्रीचा मण गेला, तसे बांधाचे जुने उत्तरदायित्वही सैल झाले. शेत ज्याचे त्याचे झाले. बांध मात्र 'सरकारचा' झाला.

तेवढ्यात नवी मुंबई आली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची नोंद पडू लागली. कागदावर खार म्हणजे हलकी, एकपिकी, खारवट जमीन. त्या कागदात बांधाची उंची नव्हती, भांगाच्या रात्रींचे जागरण नव्हते. १९८४ च्या आंदोलनाचा अर्थ आम्हांला येथे दिसतो. मोबदला ज्या जमिनीचा मागितला जात होता, ती पिढ्यांनी घडविलेली वस्तू होती.

त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. १९९० साली तिचा शासननिर्णय झाला व १९९४ मध्ये सुधारणा झाली. एकरामागे ५ गुंठे, आणि सामाजिक सोयींसाठी ३० टक्के कपात झाल्यावर साडेतीन गुंठे. शेतकऱ्याला विकासात वाटा देणारे हे तत्त्व निश्चितच मोठे आहे. मात्र या भूखंडाला बांध नाही, उघाडी नाही, शेजाऱ्याची गरज नाही. खार एकट्याला राखता येत नसे. भूखंड एकट्याला विकता येतो. कित्येक घरांत भूखंड आला आणि भाऊबंदकीही आली, हे आपण पाहतो.

जेथे बांध फुटले आणि कोणी बांधले नाहीत, तेथे तिवरे परतली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्या तिवरांना संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच. किनाऱ्याला आणि मासळीला त्यांचा आधार आहे. तेव्हा टाकलेली प्रत्येक खार पुन्हा शेत होईल असे नाही, व्हावी असेही नाही. परंतु जी शेते उरली आहेत त्यांचे बांध राखणे आपल्या हाती आहे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खार सोसणारी 'पनवेल' भातवाणेही दिली आहेत.

वाचकांना आमची एक विनंती आहे. ज्यांच्या घरी जुने सातबारे, कौलाचे कागद किंवा खारीची नावे सांगणारी वृद्ध माणसे आहेत, त्यांनी ती नावे आणि तो तपशील आताच लिहून ठेवावा. कोणत्या वर्षी खांड पडली, बांधाला किती घरची माणसे आली, पहिला भात कोणत्या साली पिकला, हे सातबाऱ्यावर कोठेही लिहिलेले नसते. ते सांगणारी पिढी आता मोजकीच उरली आहे.