झिजलेल्या चांदीचं गणित

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी सापडली, १३,००० हून अधिक. त्यांपैकी ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारून घेतला होता. नहपानाचा पराभव या ठशांतून वाचला गेला. नाण्याचं वजनही काही सांगत असतं, हे पुढे दामोदर धर्मानंद कोसंबींनी दाखवलं.

कोसंबी तेव्हा पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. १९४० पासून त्यांनी आहत, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांच्या वजनांवर लेख लिहिले. १९४२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये चलनातल्या झिजेचं गणितच मांडलं. नाणं हातोहात फिरताना प्रत्येक देवघेवीत धातूचा नगण्य कण जातो. तो कधी जाईल आणि केवढा, हे कोणालाच सांगता येत नाही. पण झीज अखंड चालू असते. टाकसाळीतून एकाच दिवशी निघालेली दोन नाणी घ्या. या आठवड्यात एक रोज बाजारात खेळतं, दुसरं एकदाच कनवटीतून बाहेर येतं. सगळ्यांची सरासरी वर्षांच्या प्रमाणात उतरते, आणि त्याच वेळी वजनं एकमेकांपासून फाकतही जातात. चौपट काळ गेला की झिजेमुळे आलेला हा पसारा दुप्पट. पाण्यात भरकटणाऱ्या सूक्ष्म कणांबद्दल आइनस्टाइनने १९०५ मध्ये हाच नियम मांडला होता. मला या कामात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा पसारा. नाणी मुळातच हलकी पाडली असतील तर नुसती सरासरी फसवते. पसारा मात्र काळाची साक्ष देतो.

झिजेच्या या गणिताचा पडताळा तक्षशिलेच्या भीर टेकाडातल्या ठेव्यात मिळाला. तिथल्या हजारावर आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला तपासणीच्या बारीक खुणा आहेत. जितक्या खुणा जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे खुणा वेळोवेळी पडत गेल्या, आणि नाण्यांचा जुने-नवेपणा लावता आला. नाणं जमिनीत पुरलं गेलं की फिरणं थांबतं, आणि त्याबरोबर ही झीजही.

१९४३ मध्ये कोसंबींनी यादृच्छिक वक्रांवर शोधनिबंध लिहिला. झिजणाऱ्या वजनासारखी अखंड काळात बदलणारी राशी एकमेकांशी सहसंबंध नसलेल्या घटकांच्या बेरजेत मांडण्याची त्यातली रीत पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनाही स्वतंत्रपणे सापडली. आज तिला तिघांची नावं आहेत. कोसंबींचं नाव तिथे बऱ्याचदा गळतं, याची मला चीड येते.

नाण्यांकडे परत येऊ. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ७०,००० कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २,००० सुवर्ण (सोन्याची नाणी), दर ३५ ला एक, असा हिशेब कोरलेला आहे. हिशेब नगावर असला की झिजलेलं नाणंही पुऱ्या किमतीला चालतं, म्हणून ते फिरत राहतं. गौतमीपुत्राचा ठसा नवा असला तरी गेलेली चांदी त्याने परत आली नाही. त्यामुळे जोगळटेंभीचं नाणं काट्यावर ठेवलं तर ठशाचं साल त्यातून कळणार नाही. नहपानाच्या टाकसाळीतून निघाल्यापासून ते एकूण किती फिरलं, एवढ्याचाच अंदाज येईल.