विझलेली भट्टी, नऊ वर्षांनी

मद्याचा विषय काढला की आपल्याकडे कपाळावर आठ्या पडतात. मी स्वतः मद्य घेत नाही आणि तुम्ही ते घ्यावं असंही मला सुचवायचं नाही. पण माणसं जे पितात त्यालाही इतिहास असतो. बेल्जियममधल्या हूगार्डन गावच्या फिकट बियरचा इतिहास मला हरवून सापडलेल्या ओवीसारखा वाटतो.

हूगार्डन हे ब्रुसेल्सच्या पूर्वेला वसलेलं लहानसं गाव. पंधराव्या शतकापासून तिथे बियर होत आली. बार्लीच्या जोडीला मोड न आणलेला गहू, वासाला धने आणि कुरासाओच्या कडू संत्र्याची वाळलेली साल. धने म्हणजे आपल्या मसाल्यात पडतात तेच! ही बियर गाळत नाहीत, म्हणून ती फिकट आणि गढूळ दिसते. लोक तिला ‘पांढरी’ म्हणत. उबेत, वर फेस धरून आंबणाऱ्या बियरच्या घराण्याला ‘एल’ म्हणतात. ही त्याच घराण्यातली. एके काळी या एवढ्याशा गावात तिचे तीसहून अधिक कारखाने होते.

मग लोकांची आवड बदलली. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन शहरात थंडाव्यात आंबवलेली, नितळ सोनेरी ‘लागर’ तयार झाली. पुढे रेल्वे आणि बर्फाची यंत्रं आली, मोठं भांडवल आलं आणि तिने युरोप व्यापला. तिच्यापुढे गढूळ बियर गावंढळ ठरली. हूगार्डनचे कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. १९५७ साली टोमसिन यांचा शेवटचा कारखानाही थांबला.

या कारखान्याच्या शेजारीच वाढलेला पिएर सेलिस गावात दूध घालायचा. पोरवयात त्याने टोमसिनच्या हाताखाली काम केलं होतं. कोणती वस्तू कधी पडते, किती शिजते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. गावातली माणसं जुन्या चवीची आठवण काढू लागली, तेव्हा चाळिशीच्या या दूधवाल्याने मनावर घेतलं. एका बंद कारखान्यातली जुनी भांडी आणून १९६६ साली त्याने पुन्हा भट्टी पेटवली. नव्या पिढीच्या तरुणांना ती बियर आवडली आणि गावाबाहेर तिचं नाव झालं.

१९८५ साली कारखान्याला आग लागली. विम्याचे पैसे पुरेनात. मोठ्या कंपनीची मदत घ्यावी लागली आणि अखेर कारखाना त्या कंपनीकडेच गेला. सेलिसने हात जोडून बसणं पत्करलं नाही. १९९२ साली, सदुसष्टीच्या घरात, त्याने अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला तीच बियर नव्याने सुरू केली. इकडे २००५ साली इनबेव्ह कंपनीने हूगार्डनचं उत्पादन दुसऱ्या गावी न्यायचं जाहीर केलं, तेव्हा गावकरी आणि कामगार रस्त्यावर उतरले. २००७ साली तो बेत मागे घेतला गेला आणि बियर गावातच राहिली. सेलिस २०११ साली वारला. आज अनेक देशांतले लहान कारखाने या धाटणीची बियर करतात.

मला या साऱ्यात १९५७ ते १९६६ ही नऊ वर्षं महत्त्वाची वाटतात. नऊच वर्षं होती, म्हणून जमलं. ती चव चाखलेले गावकरी हयात होते, आणि काम पाहिलेला एक माणूसही होता. तिथे चाळीस वर्षं गेली असती, तर साहित्याची यादी उरली असती, पण ‘हीच ती’ असं सांगणारं कुणी उरलं नसतं.

कवी म्हणून मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. जातं थांबलं, तरी ओवी लगेच मरत नाही. ती म्हाताऱ्या गळ्यात काही वर्षं थांबून असते. तुमच्या घरात, वाड्यात असा एखादा गळा, एखादा हात असेल तर आजच त्याच्यापाशी जाऊन बसा. विचारायला कुणी आलं नाही, म्हणून पुष्कळ गोष्टी संपतात.