वजनकाटा आणि आर्मरेस्ट : विमानातील आसनाच्या रुंदीचा इतिहास

१/
स्थूल प्रवाशाने विमानात दोन तिकिटे घ्यावीत काय, हा वाद समाजमाध्यमांवर अधूनमधून पेटतोच. एक पक्ष म्हणतो, जागा तेवढे पैसे. दुसरा म्हणतो, माणूस म्हणजे सामानाचा डाग नव्हे. मात्र आसनाची रुंदी जणू वरूनच ठरून आली आहे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. ती कोणी, कधी आणि कशासाठी ठरवली, याचा मागोवा आजच्या धाग्यात.

२/
आरंभी प्रश्न रुंदीचा नव्हता, वजनाचा होता. १९२०-३० च्या दशकांतील विमाने लहान, इंजिने दुबळी. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर इम्पीरियल एअरवेजच्या प्रवाशांना आपल्या सामानाप्रमाणेच काट्यावर उभे राहावे लागे. याच कंपनीची लंडन-कराची सेवा १९२९ मध्ये सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला आणलेले टपाल हे त्याच सेवेला जोडलेले. वैमानिकाच्या लेखी पत्रांची थैली आणि माणूस, दोन्ही सारखेच : इतके पौंड.

३/
यातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. काट्यावर सगळेच उभे राहत. सडपातळ कारकून असो वा गलेलठ्ठ जमीनदार, मोजणी सर्वांची होई, कारण विमानाचा तोल सर्वांच्या वजनावर अवलंबून होता. विशिष्ट देहाकडे बोट दाखवणारा तो नियम नव्हता.
(हवाई सेविकांची गोष्ट निराळी. १९३० मध्ये बोइंग एअर ट्रान्सपोर्टने नेमलेल्या पहिल्या सेविका परिचारिका होत्या आणि त्यांना ११५ पौंडांची कमाल मर्यादा होती. विमाने मोठी झाली तरी सेविकांवरील वजनाचे निर्बंध दशकानुदशके टिकले. त्यामागची कारणे अर्थातच तोलाची नव्हती. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.)

४/
विमाने वाढली तसा काटा अडगळीत गेला. शंभर-दीडशे प्रवाशांत एकट्याच्या वजनाने काही बिघडत नाही. सरासरी धरली की भागते. लहान विमानात मात्र आजही बिघडते. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट येथे एअर मिडवेस्टचे छोटे विमान उड्डाण करताच कोसळले आणि त्यातील २१ही जण मृत्युमुखी पडले. देखभालीतील चुकीच्या जोडीला शेपटीकडे अधिक झालेला भार हेही कारण निघाले. कागदावरची सरासरी जुनी होती, माणसे तिच्याहून जड झाली होती. त्यानंतर त्या सरासऱ्या वाढवण्यात आल्या.

५/
सामोआ एअर या चिमुकल्या कंपनीने २०१३ मध्ये किलोमागे भाडे आकारण्याची पद्धत जाहीर केली, तेव्हा जगभर हसू आणि संताप एकदमच उसळले. पण तिची विमाने जेमतेम दहा जणांची होती. तिथे किलोचा हिशेब निदान तर्काला धरून होता. शिवाय तिथेही सर्वांनाच वजन सांगावे लागे. पुढे याच कंपनीने स्थूल प्रवाशांसाठी अधिक ऐसपैस रांगही जाहीर केली.
मोठ्या विमानांत वाद वजनाचा नसतोच. तिथे वाद इंचांचा असतो.

६/
हे इंच कोठून आले? माणसाची बैठक शास्त्रशुद्ध मोजण्याचा एक गाजलेला प्रयत्न रेल्वेसाठी झाला. हेवूड-वेकफील्ड या अमेरिकी आसन-उत्पादक कंपनीसाठी हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ अर्नेस्ट हूटन यांनी खास मोजमापाची खुर्ची तयार केली आणि बॉस्टन व शिकागो येथील रेल्वे स्थानकांवर साडेतीन हजारांहून अधिक माणसांना तिच्यात बसवून मापे घेतली. १९४५ मध्ये तो अहवाल निघाला. (हे तेच हूटन, ज्यांनी गुन्हेगार देहाच्या ठेवणीवरून ओळखता येतो असे मांडण्याचा खटाटोप केला होता. माप घेणाऱ्याचीही मापे काढावीत ती अशी.) तरीही आधी माणूस मोजावा आणि मग आसन करावे, हा क्रम त्यात सुलट होता.

७/
जेट विमानांत तो क्रम उलटला. १५ जुलै १९५४ रोजी उडालेल्या बोइंगच्या प्रायोगिक जेटची रुंदी होती १३२ इंच. त्यावरून बेतलेल्या लष्करी टँकर विमानाची १४४. दरम्यान प्रतिस्पर्धी डग्लस कंपनीने डीसी-८ची रुंदी १४७ इंच ठेवली. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅन ॲमने बोइंगला २० विमानांची मागणी दिली आणि डग्लसला २५ विमानांची. बोइंगने काय ते ओळखले. ७०७ विमान १४८ इंचांचे झाले. प्रतिस्पर्ध्यापेक्षा बरोबर एक इंच अधिक!

८/
भिंतींची जाडी वजा जाता आत उरतात सुमारे १३९ इंच. एका रांगेत सहा आसने बसवायची, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून आठ आर्मरेस्ट. ते प्रत्येकी दोन इंचांचे, एकूण सोळा. मधली वाट वीस इंचांची. बाकीचे सहांत वाटा : प्रत्येकी सुमारे सतरा इंच.
हा भागाकार आहे. यात कोणाच्याही कमरेचे माप नाही.

९/
आणि हा भागाकार अमर ठरला. बोइंगने ७२७ आणि ७३७ यांना हाच वरचा छेद दिला. १९६० मध्ये एअर इंडियाने घेतलेली ७०७ विमाने याच रुंदीची होती; आज मुंबईहून उडणारी आकासा एअरची ७३७ मॅक्सही याच रुंदीची आहेत. १९८७ मध्ये पहिले उड्डाण केलेले एअरबस ए३२० थोडे रुंद बांधले गेले, म्हणून त्यात आसनाला सुमारे १८ इंच मिळू शकतात.
माणसे मात्र तीच राहिली नाहीत. अमेरिकी प्रौढ पुरुषाचे सरासरी वजन १९६०च्या दशकारंभी १६६ पौंड होते, ते २००२ पर्यंत १९१ झाले.

१०/
मग १९६०-७० च्या दशकांत हा वाद का पेटला नाही? माझ्या मते उत्तर रिकाम्या आसनांत आहे. अमेरिकेत भाडी सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड ही सरकारी संस्था ठरवी. तिकीट स्वस्त करून गिऱ्हाईक ओढण्याची मुभा नसल्याने विमाने बरीच रिकामी उडत. १९७० च्या दशकात साधारण निम्मीच आसने भरलेली असत. धिप्पाड माणसाच्या शेजारची जागा बहुधा मोकळीच मिळे. दुसरे आसन त्याही काळी वापरले जाई, फक्त त्याचे पैसे कोणी मागत नसे.

११/
१९७८ च्या कायद्याने भाडी मोकळी झाली. तिकिटे स्वस्त झाली, सामान्य माणूस विमानात चढला, आणि पुढे भरलेल्या आसनांचे प्रमाण ८० टक्क्यांपलीकडे गेले. रिकामी जागा संपली. मोठ्या विमानांत तर आसनांची संख्याच वाढत गेली : ७४७ मध्ये आरंभी रांगेत नऊ आसने होती, ती दहा झाली, ७७७ मध्येही अनेक कंपन्यांनी नवाची दहा केली. विमान तेवढेच, वाटेकरी जास्त.

१२/
फक्त ७३७ विमाने उडवणाऱ्या साउथवेस्ट एअरलाइन्सने १९८० मध्ये नियम केला : दोन्ही आर्मरेस्ट खाली येत नसतील, तर दुसरे आसन घ्या. २००२ मध्ये अंमलबजावणी कडक होताच गदारोळ उडाला. फेब्रुवारी २०१० मध्ये चित्रपट दिग्दर्शक केव्हिन स्मिथ यांना ओकलंड येथे विमानातून उतरवण्यात आले. त्यांनी तो प्रसंग ट्विटरवर सविस्तर मांडला आणि कंपनीला जाहीर क्षमा मागावी लागली.

१३/
या कसोटीतील गंमत पाहा. बहुतेक प्रौढ पुरुषांचे खांदे सतरा इंचांहून रुंद असतात. तीन पुरुष शेजारी बसले की मधला आक्रसतोच. पण आर्मरेस्ट मोजतो ती कंबर, खांदे नव्हेत. पिळदार खांद्यांचा पहिलवान शेजाऱ्याच्या हद्दीत खुशाल घुसतो आणि एकाच तिकिटात प्रवास करतो. क्रॉयडनचा काटा सर्वांना मोजी. आर्मरेस्ट निवडक देहांनाच मोजतो, तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत.

१४/
कॅनडाने याचे उत्तर वेगळे दिले. कॅलगरीच्या एका स्थूल महिलेने एअर कॅनडाविरुद्ध दाद मागितली होती. २००६ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल देत प्रवासापुरते तिचे अपंगत्व मान्य केले. मग अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या तक्रारदारांच्या अर्जावर १० जानेवारी २००८ रोजी कॅनडाच्या परिवहन प्राधिकरणाने आदेश दिला : एक व्यक्ती, एक भाडे. सोबत मदतनीस लागणाऱ्या किंवा स्थूलतेमुळे एका आसनात न मावणाऱ्या अपंग प्रवाशाकडून देशांतर्गत उड्डाणात दुसऱ्या आसनाचे पैसे घ्यायचे नाहीत.

१५/
कंपन्या ओरडल्या की धंदा बुडेल. प्राधिकरणाने हिशेब मांडला : हा भार सर्व तिकिटांवर वाटला तर एअर कॅनडाला तिकिटामागे सुमारे ७७ सेंट, वेस्टजेटला ४४. एक डॉलरही नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना अपिलाची परवानगी नाकारली आणि २००९ च्या जानेवारीत आदेश लागू झाला. सवलत सरसकट नाही, वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात, आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांना ती लागू नाही. तरीही या साऱ्या वादात मला हा ७७ सेंटांचा आकडा सर्वांत बोलका वाटतो.

१६/
अमेरिकेत प्रश्न सुरक्षेच्या दारातून न्यायालयात शिरला. आसने अरुंद झाल्याने संकटकाळी विमान रिकामे करणे अवघड होते, या प्रवासी संघटनेच्या अर्जावर २०१७ मध्ये न्यायाधीश पॅट्रिशिया मिलेट यांनी हवाई नियामक संस्थेला फेरविचार करायला सांगितले. निकालाच्या आरंभी त्यांनी या खटल्याचे ‘आक्रसणारे आसन’ अशा अर्थाचे खोचक बारसेही केले. २०१८ च्या कायद्याने आसनाची किमान मापे ठरवण्यास एक वर्षाची मुदत दिली. चाचण्या झाल्या, पण सुदृढ प्रौढांवर. मुले, वृद्ध आणि अपंग त्यांत नव्हते. मुदत उलटल्यावर, २०२२ मध्ये, जनतेची मते मागवली गेली. ती २६ हजारांहून अधिक आली.

१७/
काटाही परतला आहे. २०२३ मध्ये एअर न्यूझीलंडने सरासरी ताजी करण्यासाठी ऑकलंड येथे दहा हजार प्रवाशांचे वजन करण्याची मोहीम घेतली : ऐच्छिक, निनावी, आणि आकडा प्रवाशालाच काय, काट्याशी उभ्या कर्मचाऱ्यालाही दिसणार नाही अशी सोय करून.
साउथवेस्टचा आर्मरेस्ट मात्र उघड्यावरच आहे. दुसऱ्या आसनाचे पैसे प्रवासानंतर परत देण्याची तिची उदार रीत होती. २७ जानेवारी २०२६ पासून दुसरे आसन आगाऊ विकत घ्यावे लागेल आणि विमानात जागा शिल्लक राहिली, तरच पैसे परत मागता येतील, असे तिने जाहीर केले. म्हणजे पुन्हा त्या शेजारच्या रिकाम्या आसनावरच भिस्त.