बीट संगीतातील विस्मृत बँड आणि मेहेराबाद

1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या शहरांत व उपनगरांत गिटार आणि ड्रमच्या जोरावर उभ्या राहिलेल्या हौशी तरुण वाद्यवृंदांच्या संगीताला बीट संगीत म्हणतात. यांतले बहुतेक बँड आपल्या वस्तीबाहेर कधी गेले नाहीत. लंडनच्या अशा काही अपरिचित बँडमधून घडलेल्या कलावंतांचा धागा पुढे नगर तालुक्यातील अरणगावपर्यंत, म्हणजे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा यांच्या मेहेराबाद या आश्रमापर्यंत आला. केडगाव आणि अरणगाव ही दोन्ही अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या दक्षिणेकडची गावे. केडगाव आता शहराचे उपनगर झाले आहे. अरणगाव दौंड रस्त्यावर आहे.  

बीट बँडची लाट उसळायला ठोस कारणे होती. 1956 च्या सुमारास लॉनी डोनेगनच्या स्किफल संगीताने मुलांना दाखवून दिले, की स्वस्त गिटार, धुणे घासायचा पत्रा आणि चहाच्या खोक्याला दांडा व दोरी बांधून केलेले खर्जाचे वाद्य एवढ्यावर कार्यक्रम होतो. 1959 मध्ये अमेरिकी गिटारींच्या आयातीवरची बंदी उठली. 1960 च्या अखेरीस सक्तीची लष्करी भरती थांबली आणि अठरा-वीस वर्षांची मुले ऐन उमेदीत बँड सोडून छावणीत जायची थांबली. महागडी वाद्ये हप्त्यांवर मिळत होतीच. लिव्हरपूलमध्ये बँड इतके झाले, की जुलै 1961 मध्ये बिल हॅरी यांनी ‘मर्सी बीट’ नावाचे वृत्तपत्रच काढले. बीटल्स त्यांतूनच पुढे आले. पण त्याच मंचांवर वाजवणारे रोरी स्टॉर्म अँड द हरिकेन्स, द बिग थ्री, द अंडरटेकर्स हे त्या काळी त्यांच्या तोडीचे मानले जात. हरिकेन्सचा ड्रमवादक रिंगो स्टार 1962 मध्ये बीटल्समध्ये गेला आणि मूळ बँडचे नाव केवळ त्याच्या चरित्रातल्या एका ओळीपुरते उरले.

पश्चिम लंडनमधील ‘द डीटूर्स’ची कथा या सगळ्यांत बोलकी आहे. पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा रॉजर डॉल्ट्री हा त्याचा कर्ता. स्वतःची गिटार त्याने स्वतः बनवली होती. जॉन एंटविसल आणि त्याच्यामागून पीट टाउनझेंड बँडमध्ये आले. टाउनझेंडचे वडील स्क्वॉड्रोनेअर्स या नामांकित नृत्यवाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवत, म्हणजे घरात संगीत होते. पण ते आधीच्या पिढीचे. डीटूर्स लग्नसमारंभांत, क्लबांत, ग्रीनफर्डच्या ओल्डफील्ड हॉटेलात वाजवत. दुसरी कोणाची गाणी आवडली, की ती हुबेहूब उचलायची, हीच त्यांची शाळा होती. ‘जॉनी किड अँड द पायरेट्स’ या बँडला एकच गिटार, एक बेस आणि ड्रम एवढ्यावर सभागृह हादरवताना पाहून त्यांनीही तोच साज पत्करला. डॉल्ट्रीने गिटार खाली ठेवून गायन घेतले. 1964 च्या फेब्रुवारीत त्याच नावाचा आणखी एक बँड दूरचित्रवाणीवर दिसला, म्हणून नाव बदलून ‘द हू’ केले. मधल्या काही महिन्यांत ते ‘द हाय नंबर्स’ होते आणि त्या नावाने निघालेली एकमेव ध्वनिमुद्रिका खपली नाही.

डीटूर्सचा ड्रमवादक डग सँडम त्याच वर्षी बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला कीथ मून ‘द बीचकॉम्बर्स’ या अर्धव्यावसायिक बँडमधून आला होता. दिवसा नोकरी आणि रात्री वाजवणे हा बीचकॉम्बर्सचा रिवाज. मून निघून गेल्यावरही ते तसेच वाजवत राहिले. माझ्या मते बीट संगीताचा खरा चेहरा हाच होय. कीर्ती मिळालेल्या चार-पाच बँडवरून त्या काळाचे मोजमाप करणे म्हणजे पंढरीला पोचलेल्या मोजक्या पालख्यांवरून वारीची गणती करण्यासारखे आहे.

पूर्व लंडनमध्ये रॉनी लेन (1946–1997) आणि केनी जोन्स हे ‘द आउटकास्ट्स’ व ‘द पायोनिअर्स’ अशा नावांनी वाजवत होते. स्टीव्ह मॅरिअटचा ‘द मोमेंट्स’ हा बँड वेगळाच होता. 1965 मध्ये हे तिघे ‘स्मॉल फेसेस’मध्ये एकत्र आले आणि आधीची सगळी नावे मागे पडली. लेन आणि टाउनझेंड यांची मैत्री मात्र पुढे मेहेरबाबांच्या नावावर टिकली. जानेवारी 1968 मध्ये द हू आणि स्मॉल फेसेस यांनी ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा दौरा एकत्र केला होता.

मेहेरबाबा (मेरवान शहरियार इराणी, 1894–1969) हे पुण्यात जन्मलेले पारशी-इराणी कुटुंबातले. 1923 मध्ये ते प्रथम अरणगावला आले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातील लष्करी तळाच्या पडीक वास्तूंच्या आधाराने मेहेराबाद उभे राहिले. 10 जुलै 1925 पासून त्यांनी मौन धरले, ते अखेरपर्यंत सोडले नाही. आधी अक्षरफळ्यावर बोट ठेवून आणि 1954 नंतर केवळ हातांच्या खुणांनी ते बोलत. 1966 मध्ये त्यांनी मादक द्रव्यांविरुद्ध स्पष्ट संदेश दिला: गोळीतून मिळणारा अनुभव हा देवाचा अनुभव नव्हे, त्याने शरीर, मन आणि साधना तिन्हींची हानी होते. तेव्हा लंडनच्या संगीतविश्वात एलएसडीचे पेव फुटले होते. टाउनझेंडने 1967 मध्ये एलएसडी घेणे सोडले आणि त्याच सुमारास चित्रकार माइक मॅकिनर्नी याच्याकडून त्याला मेहेरबाबांची ओळख झाली. मॅकिनर्नीनेच पुढे द हूच्या ‘टॉमी’चे मुखपृष्ठ रंगवले. आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या मुलाची कथा गाण्यांतून सांगणारा हा संग्रह मे 1969 मध्ये आला आणि त्यावर अवतार म्हणून मेहेरबाबांचे नाव छापले गेले. त्याआधीच, 31 जानेवारीला, बाबांनी नगरजवळच्या मेहेराझाद येथे देह ठेवला होता. टाउनझेंड आणि बाबा यांची भेट कधीच झाली नाही.

त्यानंतर या मंडळींनी जे केले, ते संगीताच्या व्यापारापासून दूरचे होते आणि म्हणूनच मोलाचे. मेहेरबाबांच्या जन्मदिनानिमित्त (25 फेब्रुवारी) 1970 मध्ये ‘हॅपी बर्थडे’ ही ध्वनिमुद्रिका खासगीरीत्या, थोड्या प्रतींत काढण्यात आली. तीत टाउनझेंडची गाणी आहेत, रॉनी लेनचे ‘एव्होल्यूशन’ आहे आणि 10 जुलैच्या मौनदिनावरून नाव घेतलेले गीत आहे. कोल पोर्टरचे ‘बिगिन द बिगीन’ हे बाबांचे आवडते गाणेही टाउनझेंडने त्यात गायले. पाठोपाठ 1972 मध्ये ‘आय अ‍ॅम’ आणि 1976 मध्ये ‘विथ लव्ह’ आली. यांपैकी पहिल्या दोहोंतील काही गाणी घेऊन 1972 मध्येच ‘हू केम फर्स्ट’ हा संग्रह बाजारात आणला गेला. बाबांच्या परवरदिगार प्रार्थनेवर टाउनझेंडने बांधलेले गीत त्यात आहे. माझ्या दृष्टीने या सर्व कामातील ते सर्वांत प्रामाणिक गाणे.

या मंडळींतला बिली निकल्स याची नोंद वेगळी करायला हवी. 1968 मध्ये इमिजिएट कंपनीने त्याचा ‘वुड यू बिलीव्ह’ हा संग्रह तयार केला. स्मॉल फेसेसच्या वादकांनी साथ केली. मोजक्या प्रती काढल्या गेल्या आणि कंपनीने तो विक्रीला न आणता ठेवून दिला. पुढे कित्येक वर्षांनी संग्राहकांनी तो शोधून काढला. बाबांच्या नावाच्या खासगी ध्वनिमुद्रिकांतही निकल्सचा वाटा आहे. द हूच्या ‘बाबा ओ’रायली’ (1971) या गाण्याच्या नावातील बाबा म्हणजे मेहेरबाबा आणि रायली म्हणजे अमेरिकी संगीतकार टेरी रायली. बाबांच्या जीवनाची माहिती यंत्रात घालून त्यातून सूर काढायचे, अशी टाउनझेंडची मूळ कल्पना होती. ऐकू येतो तो मात्र लॉरी ऑर्गन आहे.

टाउनझेंड 1972 मध्ये मेहेराबादला येऊन समाधीचे दर्शन घेऊन गेला. 1976 मध्ये त्याने लंडनमधील ट्विकनहॅम येथे ‘मेहेर बाबा ओशनिक’ हे केंद्र उघडले. मेहेराबादला रेल्वेमार्गाच्या एका बाजूस खालचे, तर दुसऱ्या बाजूस टेकडीवरचे आवार आहे. समाधीच्या आतील भिंतींवर स्विस चित्रकर्ती हेलन डाम हिने 1938 मध्ये काढलेली चित्रे आहेत. दर महिन्याच्या 12 तारखेला धुनी पेटते आणि 31 जानेवारीच्या अमरतिथीला दुपारी पंधरा मिनिटे हजारो माणसे मौन पाळतात. गाणे हा तेथील नित्याचा भाग आहे: गुजराती आरती, हिंदी गझला, इंग्रजी गीते.

भारतातही बीट संगीताची लाट आली होती. मुंबईत द जेट्स, द सॅव्हेजेस असे बँड होते; सिमला सिगारेटच्या नावाने देशभरच्या बँडच्या स्पर्धा होत. ‘गुमनाम’ (1965) चित्रपटातील ‘जान पहचान हो’ या गाण्यात ‘टेड लायन्स अँड हिज कब्स’ हा बँड दिसतो. गाणे सर्वांना माहीत, बँड कोणालाच नाही. त्याच परंपरेतून आलेले नंदू भेंडे (आत्माराम भेंडे यांचे पुत्र; निधन 2014) यांनी मुंबईच्या वेल्वेट फॉग या बँडमध्ये गायन केले आणि मग ‘तीन पैशाचा तमाशा’तून मराठी रंगभूमी गाठली.

नगरचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना निजामशाही, किल्ला आणि अमेरिकन मराठी मिशन यांना पाने मिळतात; 1970 च्या दशकात गिटार घेऊन अरणगावला उतरलेल्या तरुणांना मिळत नाहीत. केडगाव, अरणगाव आणि नगर स्टेशन परिसरातील ज्या वृद्ध रहिवाशांनी त्यांना पाहिले, आपल्या टांग्यात किंवा घरात बसवले, त्यांच्याकडून ऐकले, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवाव्यात. हे काम ती पिढी हयात आहे तोवरच होऊ शकते.